तिरका सात

ऑक्टोबर संपता संपता मिशिगनमधल्या पॉन्टिॲक गावावर जो पडतो, तो धड पाऊसही नसतो आणि धड बर्फही नसतो. त्या दिवशी तो सकाळपासून लागून राहिला होता. बर्नाडेट सोबचॅक आपलं दुकान बंद करून घरी निघाली होती. जुन्या गाड्यांच्या सीट्स शिवायचं तिचं दुकान होतं. वय चौतीस, बोटांना सुयांचे घट्टे, आणि सगळं गाव तिला बर्नी म्हणायचं.

गावाबाहेरच्या वळणावर तिला तो दिसला. रस्त्याकडेला एक राखाडी गाडी पंक्चर होऊन कलंडल्यासारखी उभी होती आणि एक उंच माणूस चिखलात गुडघे टेकून जॅकशी झटत होता. जॅक सारखा घसरत होता.

बर्नीने काच खाली केली. "जॅक उलटा लावलाय तुम्ही."

त्याने भिजलेली मान वर केली. "जॅक बरोबर आहे. जमीन उलटी आहे."

तिला हसू आलं. आपल्या ट्रकमधली एक फळी काढून तिने जॅकखाली सरकवली, आणि गाडी शहाण्यासारखी वर उचलली गेली. तो बघत राहिला. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"एक विचारू?" चाकाचे नट काढता काढता ती म्हणाली. "ही असली गाडी का घेतलीत?"

"का? वाईट काय आहे हिच्यात?"

"वाईट काहीच नाही. चांगलं काय आहे, ते शोधतेय."

"दिवसभर दुसऱ्यांच्या देखण्या गाड्या बघायच्या असतात मला... संध्याकाळी डोळ्यांना विश्रांती नको?"

"बघता म्हणजे?"

"तपासतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे, की मागून कोणी जमवलीय, ते सांगतो. नंबर वाचायचे, शिक्के वाचायचे. मी वेंडेल पाइक. टोलीडोहून आलोय. इथे सोबचॅक म्हणून कुणी आहेत, त्यांच्याकडे एकोणसत्तर सालची जीटीओ गाडी आहे –"

बर्नीचा पाना जागच्या जागी थांबला.

"ते माझे वडील," ती म्हणाली. पुढे बोलण्यासारखं बरंच होतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या मागून या."

*

कॅझिमिर सोबचॅक दुपारपासून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घोंगडी, नाकात ऑक्सिजनची नळी. फुफ्फुसं संपत आली होती. नाताळापर्यंत काढतील, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही चाचरतच.

समोर गर्द हिरवी जीटीओ उभी होती. एकतीस वर्षं म्हाताऱ्याने गाड्यांच्या कारखान्यात, इंजिनांच्या लाइनवर काढली होती, आणि त्यांचं एकच सांगणं असायचं – ह्या इंजिनाचे बोल्ट मी आवळलेत, मग पै पै साठवून तीच गाडी घेतली. ओहायोत हॅलोरन नावाचा एक धनाढ्य संग्राहक नवं दालन बांधत होता. प्रत्येक गाडीशेजारी ती घडवणाऱ्या कामगाराचं नाव पितळी पाटीवर कोरायचं, अशी त्याची कल्पना होती. अट एकच. गाडी मूळची हवी, इंजिनासकट; तेच तपासायला त्याने वेंडेलला पाठवलं होतं. कॅझिमिरना आता दुसरं काही नको होतं. ती पाटी हवी होती.

"बघा, बघा," ते धापा टाकत म्हणाले. "लपवण्यासारखं काही नाही."

वेंडेलने बॉनेट उघडलं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात छोटा आरसा घेऊन तो इंजिनाच्या पुढच्या अंगाला वाकला. फडक्याने त्याने तिथे ठोकलेल्या नंबरावरची ओशट धूळ पुसली. बर्नी दाराशी उभी होती. ते आकडे तिला पाठ होते. त्यातला सात उजवीकडे तिरका होता, हेही तिला ठाऊक होतं. तो तिनेच ठोकला होता.

वेंडेलने ते आकडे दोनदा वाचले. मग त्याने आरसा किंचित वळवला, आणि आरशातूनच त्याची नजर तिच्यावर आली. बर्नीने मान खाली घातली.

"काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बॅटरी मंद झालीय, मिस्टर सोबचॅक. उद्या चांगला दिवा घेऊन येतो."

*

त्याच संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी असलेल्या छोट्या हॉटेलात बर्नी वेंडेलच्या समोर येऊन बसली. कॉफी आली. दोघांच्याही कपांमधून वाफ निघत राहिली, पण कोणी कप उचलला नाही.

"पंधरा वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "आई त्या वसंतात गेली. डॅड बोलायचे बंद झाले. जे काही बोलायचे ते गाडीशी. मग त्यांचं ऑपरेशन निघालं, तीन आठवडे दवाखान्यात होते. मला ते घर... घरात श्वास घेता येत नव्हता मला. एका संध्याकाळी गाडी काढली. वुडवर्डच्या हमरस्त्यावर सिग्नलला एक पोरगा शेजारी येऊन थांबला, माझ्याकडे बघून हसला."

"आणि तुम्ही शर्यत लावलीत."

"जिंकलेसुद्धा. पण इंजिनातला दांडा तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. रस्त्यावर तेल सांडलं... रक्तासारखं." ती थांबली. "त्यांना सांगितलं असतं तर ते मेलेच असते, असं वाटलं मला. चुलतभाऊ स्टॅन आणि मी, दोघांनी मिळून भंगारातून त्याच वर्षाच्या इंजिनाचा ब्लॉक आणला. त्यावरचा नंबर घासून काढला. आमचा ठोकला."

वेंडेल कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"दोन महिने काढतील ते," बर्नी म्हणाली. "एका कागदावर एक ओळ लिहायची आहे तुम्हाला – इंजिन मूळचं. लिहा ना."

"नाही लिहिता येणार."

"मिशिगनभर लोक काय काय खपवतात."

"माहीत आहे. त्यांच्या नंबरांत तिरका सात नसतो." तो हसला नाही. मग हळूच म्हणाला, "माझे वडील गेले, तेव्हा चर्चमध्ये मागच्या बाकावर एक बाई बसली होती, दोन मुलांना घेऊन. ती माझीच भावंडं होती. मला त्या दिवशी कळलं. मला वडिलांवर ओरडायचं होतं, बर्नी... पण ओरडायला समोर माणूसच नव्हता. तुमच्या वडिलांना रागवायला तरी वेळ मिळू दे."

तो पहिल्यांदाच तिला बर्नी म्हणाला होता. तिला त्याचा राग आला, आणि राग आला असताना त्याच्या मनगटावरच्या ओल्या बाहीकडे आपण बघतोय, हेही तिच्या लक्षात आलं.

"एक आठवडा द्या," ती म्हणाली.

*

त्या आठवड्यात तो तीनदा टोलीडोहून आला. कधी म्हणे ह्या भागात काम होतं, कधी म्हणे दिवा विसरला होता. दुकानात येऊन तो कातड्याच्या गुंडाळ्यांमध्ये बसायचा आणि ती शिवताना बघायचा. खिडकीवर पाऊस, शिलाई यंत्राची टकटक, आणि दोघांच्या मध्ये न बोललेलं ते एक ओझं.

एकदा त्याच्या कोटाचं अस्तर बगलेत उसवलेलं तिला दिसलं.

"काढा तो."

"थंडी आहे."

"मग हलू नका." ती त्याच्या अगदी जवळ उभी राहून टाके घालू लागली. त्याला तेलाचा आणि साबणाचा मिळून एक वास होता. "सुई टोचेल."

"टोचली तर?"

"तर कागदावर लिहा – अस्तर मूळचं नाही."

तो हसला, आणि ते हसू तिला बोटांखाली जाणवलं. टाका संपला तरी तिने दोरा तोडायला जरा उशीरच केला.

"तुला माहीत आहे ना," तो खाली बघत म्हणाला, "मला दिवाबिवा काही लागत नाही..."

"माहीत आहे. बस गप्प."

रविवारी चर्चहून आल्यावर तिने वडिलांसमोर पिएरोगीची, उकडलेल्या पोलिश करंज्यांची, ताटली ठेवली, खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, वुडवर्डपासून त्या तिरक्या सातपर्यंत. कॅझिमिरनी काटा खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीला धरत ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाजही फार झाला नाही.

अकरा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिने वाढलेलं खायचे, गोळ्या घ्यायचे, नळी बदलू द्यायचे, पण नजर तिच्यावरून अशी जायची, जशी खुर्चीवरून जाते. बर्नी दुकानात जाऊन रडायची. एकदा फोनवर ती वेंडेलला म्हणाली, "हेच हवं होतं ना तुला?" आणि तो काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

तरीही तो शनिवारी आला. तिच्याशी न बोलता सरळ म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला. आतून खोकल्याचा आवाज येत राहिला, मध्येच वेंडेलचा हळू आवाज. बाराव्या दिवशी म्हाताऱ्याने त्याला परत बोलावून घेतलं, आणि वेंडेलने दारातून तिला हाक मारली. "गॅरेजमध्ये ये. कोट घालून ये, गारठा आहे."

बॉनेट उघडं होतं. कॅझिमिर खुर्चीत, शेजारी वेंडेल, त्याच्या गुडघ्यावर कागद.

"ब्लॉक कुठला?" म्हाताऱ्याने विचारलं. अकरा दिवसांनी ऐकलेला तो आवाज तिला अनोळखी वाटला.

"भंगारवाल्याकडचा. ठोकलेल्या गाडीतला."

"उतरवला कोणी?"

"मी आणि स्टॅनने. साखळीची पुली लावून."

"किती दिवस लागले?"

"नऊ."

"क्लच?"

"तीनदा बसवला. दोनदा चुकला."

कॅझिमिरनी पुढे वाकून इंजिनाकडे बघितलं. "आमच्या लाइनवर ह्या कामाला सहा माणसं लागायची," ते म्हणाले. "पंधरा वर्षं मी ही गाडी चालवली. एकदाही कानाला खटकलं नाही. आणि तेव्हा माझे कान म्हातारे नव्हते." मग ते वेंडेलकडे वळले. "लिही. इंजिन मुलीने बदललं. काम चांगलं."

वेंडेलने लिहिलं.

"आता पुढच्या ओळीत लिही. मुलगी खोटं बोलली." म्हाताऱ्याने बोट वर केलं. "एकाच ओळीत घालू नकोस. दोन्ही वेगवेगळं आहे."

हॅलोरनचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. सभ्य नकार. पितळी पाटी झाली नाही. कॅझिमिरनी पत्र वाचलं, घडी घातली आणि जेवायला काय आहे, ते विचारलं. त्या गाडीत मात्र ते परत कधी बसले नाहीत. बर्नीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "नको, पोरी." पण संध्याकाळी तिच्याशी बोलत बसायचे. आईबद्दल बोलायचे. आईचं नाव त्या घरात इतक्या वर्षांनी ऐकू येत होतं. जानेवारीच्या शेवटी, एका बर्फाळ सकाळी, ते झोपेतच गेले.

वेंडेल अंत्यविधीला आला, मागच्या बाकावर बसला, दफनभूमीत हात मिळवला आणि गेला. नंतर आला नाही. फोनही नाही. फेब्रुवारी तसाच गेला. त्याचं काम संपलं, माणूस गेला, असं बर्नी स्वतःला समजावत राहिली. समजूत पटत नव्हती.

मार्चच्या मध्यावर दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि बर्फ वितळावं म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं, गाड्या गंजवणारं मीठ धुऊन निघालं. तिसऱ्या दिवशी तिने जीटीओ बाहेर काढली. आभाळ शिशासारखं होतं, दोन्ही बाजूंना उघडीबोडकी शेतं. दीड तास ती दक्षिणेकडे गाडी हाकत राहिली. टोलीडोत एका साध्या पांढऱ्या घरापुढे तिने इंजिन बंद केलं, पण त्या आवाजाने दार आधीच उघडलं होतं.

वेंडेल पायरीवर उभा होता. दाढी वाढलेली, हातात भांडी पुसायचं फडकं.

"आला नाहीस," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडाने येणार होतो? मी नसतो तर ते त्या पाटीच्या आनंदात गेले असते. शेवटचे दिवस मी नासवले तुमचे... असं वाटत राहिलं."

बर्नी गाडीला टेकली. इंजिन थंड होताना आत बारीक टिकटिक होत होती.

"अकरा दिवस ते बोलले नाहीत," ती म्हणाली. "मग अडुसष्ट दिवस बोलले. मी मोजलेत. आधीच्या पंधरा वर्षांत मिळून तेवढे बोलले नव्हते, वेंडेल. अजून दुखतं. त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. पण त्या दिवसांत मी त्यांची मुलगी होते. आणि ते तुझ्यामुळे."

तो उगीचच फडक्याची घडी करत राहिला.

"मी दीड तास गाडी चालवत आलेय," ती म्हणाली. "आता तू काहीतरी बोल."

"मला बोलायचं ते फार साधं आहे..."

"साधंच बोल."

"मला तू आवडतेस. त्या चिखलात फळी सरकवलीस, तेव्हापासून. सहा आठवडे रोज फोन उचलतो आणि ठेवतो."

तिचे डोळे भरून आले. कशाने, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती दोन पायऱ्या चढली आणि त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्याचा हात गारठलेला होता. तिने तो आपल्या कोटाच्या खिशात, आपल्या हातासकट घातला.

"घरात सूप आहे," तो म्हणाला. "फार चांगलं नाही."

"चालेल," बर्नी म्हणाली, आणि दोघं आत गेली.