सात सह्या

मोबाईल खाली ठेवा बघू. एक दिवा पुरे. आणि मध्ये कोणी खाकरायचं नाही.

ही गोष्ट माझ्या धाकट्या मेहुण्याची. थापा मी मारतो, तो नाही. डायलिसिस सेंटरमध्ये तो टेक्निशियन आहे. बुधवार होता. बायकोचा चष्मा दुरुस्तीला टाकून तो संध्याकाळी तसाच तिसऱ्या पाळीला गेला. ती पाळी रात्री साडेबाराला सुटते.

आधी एक समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त एका नळीतून मशीनमध्ये येतं, साफ होतं आणि दुसऱ्या नळीतून परत जातं. पेलाभर रक्त सारखं अंगाबाहेर असतं. वीज गेली तर बॅटरी पंप फिरवते. बॅटरीनेही दगा दिला, तर पंपाला हँडल लावायचं, मागून सलाईन सोडायचं आणि हाताने फिरवत ते रक्त परत द्यायचं. काही मिनिटांत. नाहीतर ते नळीतच गोठतं.

तिथे पूर्वी एक म्हातारे टेक्निशियन होते. सगळे त्यांना हँडलमामा म्हणायचे. दर महिन्याला पाळी संपली की दिवे घालवायचे आणि एकेकाला अंधारात हँडल फिरवायला लावायचे. पोरं तोंडावर हसायची. "हळू. घाई नको," एवढंच मामा म्हणायचे. मामा वारले त्याला तेव्हा सात महिने झाले होते. ते गेले आणि हँडलं हरवतात म्हणून सेंटरच्या साहेबांनी ती कपाटात कुलूपबंद केली. किल्ली साहेबांच्या खिशात. सराव फक्त वहीत उरला. दर महिन्याला मेहुणा लिहायचा, 'अंधारात सराव केला, ठीक', आणि सही ठोकायचा. अशा सात सह्या.

त्या रात्री अकरा चाळीसला वीज गेली. जनरेटर दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. तीन मशीनं बॅटरीवर चालू राहिली. चार नंबरचं… गप्प झालं.

चार नंबरवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. अंगात रक्त आधीच निम्मं. हे एवढं गेलं तर बाई सकाळ बघणार नाहीत, हे मेहुण्याला पक्कं ठाऊक होतं.

तो कपाटाकडे धावला. कुलूप ओढलं, दाराला लाथ घातली. हलेना. सिस्टर साहेबांना फोन लावत होत्या, तो लागेना. मेहुणा मला म्हणाला, "भाऊजी, तेव्हा मला त्या सह्या आठवल्या. एकेक."

आणि मागून आवाज आला.

टक… टक… टक.

चार नंबरचा पंप फिरत होता.

"सिस्टर, हँडल कुठे मिळालं?"

"मी इथे आहे," सिस्टर म्हणाल्या. दाराकडून.

टक… टक…

तो चाचपडत गेला. टॉर्च लावायची छाती झाली नाही. अंधारात बाई पुटपुटल्या, "यांचा हात किती गार आहे हो…"

"कोणाचा?"

त्याने हात पुढे केला.

मग त्याच्या मनगटावर हात पडला. गार. त्या हाताने त्याची मूठ हँडलवर बसवली. वरून दाबून धरली. फिरवली. एक फेरा… दुसरा… त्याने घाई केली की पकड आवळायची. तो हळू झाला की सैल पडायची. सलाईन कोणी जोडलं होतं… त्याला आजही माहीत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दिवे आले.

नळी पाण्यासारखी स्वच्छ. बाईंचा श्वास चालू. मेहुणा अजून हात फिरवत होता… मूठ रिकामी होती. कपाटाचं कुलूप तसंच.

बाई वाचल्या. माझा हा सदरा त्यांनीच शिवलाय.

घरी जायच्या आधी मेहुण्याने वही उघडली, खरं काय ते लिहायला. मामांच्या जुन्या नोंदी जिथल्या तिथे होत्या. त्यांच्याखाली सात ओळी… कोऱ्या. खाडाखोड नाही. डाग नाही. आठव्या ओळीत त्या रात्रीची तारीख, मामांच्या तिरप्या अक्षरात. पुढे सहीची जागा मोकळी.

ती जागा अजून मोकळीच आहे. मेहुण्याचा हात धजत नाही.