सामाईक चांदी

आधीच माफी मागतो. माझी शाळा अर्ध्यात सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि भारी शब्द मला येत नाहीत. बोलण्यात तर मी त्याहून कच्चा. चारचौघांत जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही दिव्याशेजारी बसून ऐकताय असं धरतो, म्हणजे मला धीर येईल.

मी दागिने घडवायला शिकत होतो. आमच्या घराजवळ एक सामाईक कार्यशाळा आहे, वरच्या मजल्यावर, एका अरुंद जिन्याच्या शेवटी. पूर्वी तिथे छापखाना होता. भिंतींना अजून शाईचा वास येतो, आणि आता त्यात टाकणखाराचा आणि तेजाबाचा वास मिसळलाय. लांब लाकडी टेबलं, प्रत्येकाच्या पुढ्यात अर्धगोल खाच आणि खाली बांधलेली चामड्याची झोळी. कापताना, घासताना पडणारा कीस त्या झोळीत जमतो. तिथली हत्यारं सगळ्यांची असतात, आणि चांदीही.

हे चांदीचं नीट सांगतो. दाराशी एक पत्र्याचा डबा असायचा. काम संपलं की झोळीतला कीस आणि उरलेले तुकडे त्यात टाकायचे. डबा भरला की आम्हाला शिकवणारे मास्तर सगळं मुशीत वितळवून एक लगड ओतायचे आणि ती सगळ्यांना वाटून द्यायचे. तुमच्या बांगडीचा तुकडा माझ्या साखळीत, माझ्या साखळीचा कीस तुमच्या कानात. "चांदीला आडनाव नसतं रे," मास्तर म्हणायचे. मला ते फार आवडायचं. शाळेत माझ्याशी कुणी डबासुद्धा वाटून खाल्ला नव्हता.

माझ्या एका बाजूला शिवणवाल्या ताई बसायच्या. त्यांचं तोंड करवतीपेक्षा जोरात चालायचं. दुसऱ्या बाजूला निवृत्त बसचालक. त्यांना आम्ही ड्रायव्हरसाहेब म्हणायचो. मला ताईंनी मौनीबुवा असं नाव ठेवलं होतं.

"मौनीबुवा, तोंडात चांदी धरलीय का?"

"राहू द्या हो ताई," ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. "तुमच्या वाट्याचं तो गप्प बसतोय."

शनिवारी दुपारी आजूबाजूची माणसं मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायला आणायची. अशाच एका शनिवारी त्या काकू आल्या. बारीक अंगाच्या, केस नीट विंचरलेले, पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात एक अंगठी बांधलेली. नवऱ्याची लग्नातली अंगठी. साधी, चपटी, चांदीची.

"तापातून उठलेत," त्या म्हणाल्या. "बोट बारीक झालंय. हात धुताना निसटते. थोडी लहान करून दे, बाळा."

मास्तरांनी ते काम मला दिलं. माझी ती पहिलीच अंगठी. अंगठी लहान करायची म्हणजे तिच्यातून एक फाक कापून काढायची, टोकं जुळवायची आणि डाख वितळवून जोडायची. पण करवतीचं पातंसुद्धा थोडी चांदी खातं, आणि मग टोकं सपाट करताना कानस थोडी खाते. हे आधी धरायचं असतं. मी धरलं नाही. जोडून मापाच्या सळईवर चढवली तर एक माप लहान झाली होती.

मी तसं लगेच सांगितलं. अडखळत का होईना, पण सांगितलं. "काकू, जरा जास्तच लहान झालीय... परत मोठी करतो."

"बघते आधी घालून," म्हणाल्या आणि गाठ मारून घेऊन गेल्या.

पुढच्या शनिवारी हसत आल्या. "लहान कसली? बोटात ओतल्यासारखी बसली. पण आता परत सैल झालीय बघ."

मी फाक काढली, या वेळी बेतून. फाक डब्यात टाकली. त्याच्या पुढच्या शनिवारी काकू परत आल्या. मग परत. येताना हसणं कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणत होते, रक्त चांगलं, भूक चांगली, काळजीचं काही नाही. मी सळईवर अंगठी चढवायचो आणि ती दर वेळी टोकाकडे सरकलेली असायची. शेवटी ती माझ्या करंगळीतही जाईना. ताईंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली की खोलीतला उजेड एकदम ओसरायचा. त्या शनिवारी काकू आल्या तेव्हा अंगठी त्यांच्या हातात नव्हती.

"ते स्वतःच आलेत," त्या हळू म्हणाल्या. "जिन्यात बसलेत. पायऱ्या उंच पडतात त्यांना. तूच खाली येऊन माप घेशील?"

मी मापाच्या कड्यांचा जुडगा घेतला. जिन्यातला दिवा गेलेला होता. खालच्या दारातून थोडा राखाडी उजेड येत होता आणि जिना ओल्या चुन्यासारखा वास मारत होता. काकू पुढे उतरायला लागल्या. एवढ्यात अंधारातून एक भरदार, खर्जातला आवाज आला.

"सावकाश गं. कठडा धर."

"धरला," काकू म्हणाल्या. मग मागे वळून माझ्याकडे पाहून ओशाळं हसल्या. "लग्न झाल्यापासून हेच. जिना दिसला की हेच."

एवढा मोठा आवाज ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस धडधाकट आहे.

मग मला तो दिसला. पायरीवर एक कोट बसला होता. मोठ्या माणसाचा कोट, कॉलर कानाच्याही वर आलेली, बाह्या गुडघ्यांवरून खाली लोंबणाऱ्या. कोटाच्या आत, पिकल्या मिशांचा, चांगला गरगरीत चेहरा होता. आजारी नव्हता. वाळलेला नव्हता. फक्त... लहान होता. पाय वरच्या पायरीवरून खालच्या पायरीला टेकत नव्हते.

"तूच का रे तो, कापणारा?" त्याने सैल झालेली अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि बाही सावरून हात पुढे केला. मी कडी घालून पाहिली. जुडग्यातली सगळ्यात लहान कडीही त्या बोटावर सैल फिरली.

"तुमचं... तुम्हाला काही..." माझी जीभ चिकटली.

"दुखत नाही," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तू करवत लावतोस ना, तेव्हा घरी बसल्या जागी कळतं. गार वाटतं. एवढंच." त्याने लोंबणारी बाही परत वर सारली. "ते काढलेले तुकडे ठेवलेस ना रे, बाळा?"

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. दाराशी डबा होता. आत हात घातला. रिकामा. तळ पुसून काढलेला.

"मास्तर... डबा..."

"ओतली की दुपारी," मास्तर म्हणाले. "तू जेवायला गेला होतास. झकास लगड निघाली. तुझा वाटा टेबलावर ठेवलाय बघ."

ताई नव्या चांदीची तार वळून कानातले करत होत्या. ड्रायव्हरसाहेबांनी मनगटात घालायला कडं घडवलं होतं आणि ते हात लांब धरून न्याहाळत होते. मास्तरांनी स्वतःच्या चष्म्याच्या मोडक्या दांडीला इवलीशी चांदीची पट्टी बसवली होती. आणि माझ्या टेबलावर माझा वाटा. बोटभर पट्टी, अजून काळवंडलेली.

मी मास्तरांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. निम्मे शब्द आलेच नाहीत. त्यांना एवढंच कळलं, की अंगठी मोठी करायची आहे.

"मग ठोकून वाढव."

ठोकली असती तर वाढली असती. पण पातळ झाली असती. तो कोटातला माणूस पातळ झाला म्हणजे काय होईल, ते मनात आलं आणि मी हातोडी खाली ठेवली. माझ्याजवळ होती ती एकच चांदी. मी अंगठी उघडली, माझ्या वाट्यातून एक फाक कापून मध्ये बसवली, टाकणखार लावला, गॅसची ज्योत धरली. डाख पाण्यासारखा सरकला. अंगठी सळईवर सरसर खाली गेली आणि मूळ मापाच्या खुणेवर थांबली. उरलेली पट्टी मी नकळत सदऱ्याच्या खिशात टाकली.

माझ्या मागोमाग वर आलेल्या काकू अंगठी घेऊन खाली गेल्या. मी वरूनच ऐकत उभा राहिलो. बराच वेळ काही नाही. मग कापड ताणल्याचा आवाज झाला आणि खालच्या लाकडी पायऱ्या एकामागून एक करकरल्या. जड माणसाच्या पावलांखाली करकरतात तशा.

त्या रात्री मी जेवलो, आईशी चार शब्द जास्त बोललो. तिलाही नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेच्या दारात काकू आधीच उभ्या होत्या. केस विंचरलेले नव्हते.

"झाले ना बरे?" मी विचारलं.

"अंगाने भरलेत," त्या म्हणाल्या. "कोट बसतो. पण बाळा... ते आमचे नाहीत."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"पहाटे उठून बसले आणि बसचे थांबे म्हणायला लागले, एकामागून एक, घोकल्यासारखे. आमच्या ह्यांनी जन्मात बस चालवली नाही. मग माझा दंड धरून विचारलं, बाही कुठवर ठेवू? आणि बाकीचा वेळ..." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "बाकीचा वेळ नुसते लाजतात रे. बोलायला तोंड उघडतात आणि शब्दच फुटत नाही. इतका संसार झाला, आणि माझ्याकडे मान वर करून बघत नाहीत. आता मी इथे यायला निघाले, आमच्याच जिन्यावरून उतरले. मागून कुणी काही म्हणालं नाही. मी अर्ध्या जिन्यात थांबून राहिले. काही नाही." त्यांनी पदराची गाठ सोडली. त्यांच्या बोटातून काढून आणलेली अंगठी पुढे केली. "तू घातलेलं काढ. लहान तर लहान. कोटाच्या खिशात घेऊन फिरेन, पण मला माझा माणूस दे."

मी अंगठी लाकडी चिमट्यात धरली. माझा जोड नखाला लागत होता. आत ताई, ड्रायव्हरसाहेब, मास्तर आपापल्या कामात होते. मी पातं जोडावर टेकवलं आणि एकदाच ओढलं.

ताईंनी काम करता करता नवं कानातलं घातलेली पाळी चोळली. ड्रायव्हरसाहेबांनी कड्यावरून बाही ओढून घेतली. मास्तर चष्मा सावरत उठले आणि खिडकीपाशी गेले.

"गार वाटतंय रे आज," ते म्हणाले. खिडकी बंदच होती.

माझ्याही छातीवर, कालची पट्टी होती त्या खिशाच्या जागी, बर्फ ठेवल्यासारखं झालं. मी करवत उचलली. तिघंही पुन्हा कामाला लागले.

काकूंनी ते सगळं पाहिलं होतं. त्या एकेकाकडे बघत राहिल्या. ताईंच्या कानाकडे, ड्रायव्हरसाहेबांच्या मनगटाकडे, मास्तरांच्या चष्म्याकडे. अनोळखी गर्दीत कुणाचा तरी चेहरा शोधावा तशा.

"नको," म्हणाल्या. "राहू दे."

त्यांनी अंगठी परत गाठीत बांधली आणि जिन्याकडे वळल्या. मी दारापर्यंत गेलो. मला 'चुकलो' म्हणायचं होतं. 'मला माफ करा, काकू', असं. मी तोंड उघडलं, आणि जीभ अडली नाही. आवाजही माझ्या ओळखीचा नव्हता, खर्जातला होता.

"सावकाश गं. कठडा धर."

काकू तिथेच थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाठ तेवढी हलली. मग हात बाजूला गेला आणि त्यांनी कठडा चाचपून धरला.

"धरला," त्या म्हणाल्या, आणि एकेक पायरी उतरत गेल्या.

खिशातली पट्टी आता गार नव्हती. अंगातल्या तापासारखी ऊबदार होती. त्यांच्या मागे धावत जाऊन ती त्यांच्या ओंजळीत ठेवायला हवी होती. खालचं दार लागेपर्यंत मी तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो. मग खिशाचं बटण लावलं आणि आत जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, ताईंना विचारलं, की आज एवढ्या गप्प का?