पितळी टर्मिनलं

मास्तरांची लेक जुना स्पीकर पोटाशी धरून दुकानात आली, तेव्हा बाहेर आभाळ दाटलं होतं आणि वायरवाली नुकतीच डबा खाऊन हात धूत होती. सगळा बाजार तिला वायरवालीच म्हणायचा. नवरा मेला, दुकान राहिलं. दोन्हींत दुकानच बरं, असं ती कुणालाही तोंडावर सांगायची.

"मावशी, नवी केबल जाडी आहे. ह्याच्या भोकात टोकच शिरत नाही."

"शिरेल कसं? ही भोकं म्हणजे मुंगीच्या नाकपुड्या. टर्मिनलंच बदलू."

मागून धापा टाकत मास्तर आले. "बाई, टर्मिनलं हवी ती लावा. पण पाठीला ही चीर आहे ना, ती तेवढी बुजवू नका."

"का हो? हवा फुसकते त्यातून. आवाजात दम राहत नाही."

"फुसकू दे."

लेकीने कपाळाला हात लावला. "आई गेल्यापासून असंच चाललंय. तुम्ही तुमचं काम करा, मावशी."

दोघं गेल्यावर वायरवालीने खोकं पालथं घातलं. खोकं जुनं, सागवानी. त्याला शोभतील अशी पितळी टर्मिनलं आता बाजारात कुठली? तिने मान वर केली. वरच्या फळीवर नवऱ्याचा स्वतःचा स्पीकर होता. तो गेल्यापासून तीन वर्षांत तिने त्याला फडकंसुद्धा लावलं नव्हतं.

"तुझा कधी कुणाला उपयोग झाला नाही," ती म्हणाली आणि शिडी लावली.

चार स्क्रू काढून पाठीमागची टर्मिनलांची पितळी पट्टी ओढली, तसा आतून गार झोत तोंडावर आला. तंबाखूचा वास. तोच.

"मेल्यावर तरी तोंड धुवायचंस."

ती पट्टी तिने मास्तरांच्या खोक्याला बसवली, तारांना डाख दिला. सेल टेकवून पाहिला. स्पीकरचा कागदी पडदा टचकन बाहेर आला, म्हणजे तारा सुलट लागल्या. राहिली चीर. आता कारागिराचा हात कुठं गप्प बसतो? खोकं फुसकं सोडलं तर नाव दुकानाचं जातं. म्हाताऱ्याला काय कळतंय, म्हणून तिने पुट्टीचं बोट फिरवलं आणि संध्याकाळी लेकीच्या हाती स्पीकर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा फोन आला.

"बाई... ती श्वास घेत नाहीये."

"कोण ती?"

"तुम्ही या. आधी या."

मास्तरांच्या खोलीत खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. कोपऱ्यात स्पीकर, त्याला खेटून एक आरामखुर्ची. खुर्चीच्या उशीला डोक्याएवढा खळगा. केबल जमिनीवर सुटी पडली होती.

"कशालाच जोडला नाही?"

"कधीच नसतो." मास्तरांचा आवाज खाली गेला. "शेवटची दोन वर्षं तिला दम लागायचा. छातीला मलम चोळून दुपारभर इथंच बसायची, ह्याला डोकं टेकून. ती गेली... आणि पडदा हलू लागला. हळू. आत... बाहेर... मी शेजारी पेपर वाचत बसायचो. एवढंच उरलं होतं हो मला. कालपासून बघा."

वायरवालीने वाकून पाहिलं. पडदा आत ओढला गेला होता. नाकतोंड दाबलेल्या माणसाचे गाल बसावेत तसा. कुणापुढे न वाकणारी बाई, पण म्हणाली, "माझं चुकलं, मास्तर."

तिने खोकं फिरवलं आणि पेचकसाच्या टोकाने पुट्टी उकरली. शेवटचा तुकडा निघाला आणि चिरेतून हवा आत गेली. लांब... खूप लांब... खोलातून वर आलेल्या माणसासारखी. खोलीभर मलमाचा वास पसरला. पडदा थरथरत वर आला. आत... बाहेर... आत...

मास्तरांनी पडद्यावर तळवा ठेवला, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"बरं वाटतंय का गं?"

तेवढ्यात शीळ वाजली.

दोन आखूड, एक लांब. चिरेतून नाही, पितळी पट्टीच्या मागून. नवरा होता तेव्हा रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्याची हीच शीळ व्हायची आणि घरातली भांडीसुद्धा चूप बसायची. वायरवालीचा हात आपसूक चेहऱ्यापुढे आला.

पडदा जागच्या जागी थबकला.

"हे काय, बाई? हिला कधी शीळ येत नव्हती..."

"ती नाही घालत." तिने हात खाली ओढला, पेचकस पट्टीच्या स्क्रूला लावला. "बाहेर ये, मुडद्या! तिला सोड."

स्क्रू अर्धा फेरा सुटला. मग तिच्या मुठीतला पेचकस घेऊनच उलटा फिरला आणि पुन्हा घट्ट बसला. दुसरा तसाच. तिसरा तर हललाच नाही. आतून कुणीतरी धरून ठेवला होता.

पुन्हा शीळ. आता अगदी जवळून. तंबाखूचा वास मलमावर चढला.

पडदा हलेना.

"श्वास धरून बसलीय," मास्तर पुटपुटले. "किती वेळ धरेल हो अशी...?"

वायरवालीला ठाऊक होतं. वीस वर्षं तिने स्वतः तसाच धरला होता, रोज, तो झोपेपर्यंत.

आता त्याला झोप कुठली?