दोन्ही खांदे

वहिनीला आणि तिच्या पोरीला, चिमणीला, घाट उतरून खाली समुद्राकाठी, वहिनीच्या माहेरी सोडायचं, एवढंच काम होतं. भरदुपारची वेळ, टाकी भरलेली. भीतीचं नावही डोक्यात नव्हतं बघा.

मी आणि दादा जंगलात पर्यटक फिरवायचो. मी गाडी चालवायचो, दादा माझ्या मागे बसून जनावरं हेरायचा. ओरडलं की जनावर पळतं, म्हणून तो नुसती थाप मारायचा. डाव्या खांद्यावर पडली तर डावीकडे बघायचं, उजव्यावर पडली तर उजवीकडे. दोन्ही खांदे दाबले की गपगुमान थांबायचं. गेल्या वर्षी याच रस्त्यावर, कड्याच्या वळणाला, तो धुक्यात गाडीतून उतरला आणि परत आलाच नाही. खाली समुद्र. काहीच हाती लागलं नाही. वहिनी रडली नाही, अजून त्याचं ताट वाढते. तिचं हे असं दगड होणं मला बघवत नव्हतं हो.

निम्मा घाट उतरलो आणि धुकं आलं. डाव्या खांद्यावर हलकी थाप पडली. बघतो तर झाडीत हरणी, पाडसासकट! बापाचा खेळ मागे बसलेल्या पोरीने बरोबर उचललाय, म्हटलं. थोड्या वेळाने उजव्या खांद्यावर. धुकं जरा फाटलं, खाली खाडीच्या तोंडाशी पाणमांजरं लोळत होती. वहिनी चक्क हसली.

"चिमणे, बापावर गेलीस गं!" मी म्हणालो.

वहिनीने मागे वळून पाहिलं. हसू तिथेच मावळलं.

"भाऊजी... ती तर माझ्या मागे, कोपऱ्यात झोपलीय. केव्हाची."

तेवढ्यात दोन्ही खांदे दाबले गेले. हात गार होते... आणि ओले. खारट वास आला. मी ब्रेक दाबला. तेच वळण होतं. आरशात बघायचीही माझी छाती झाली नाही. माझ्या मागचं दार उघडलं, गाडी त्या बाजूने हलकी झाली, दार लागलं. अगदी हळू, पोरगी उठू नये असं.

"उतरले हो..." वहिनी एवढंच म्हणाली आणि जी रडायला लागली! वर्षभराचं साठलेलं सगळं. मीही रडलो, त्यात लाजायचं काय? सख्खा भाऊ माझा. बायको-पोरीला पोहोचवायला आलेला, त्याला कसलं भ्यायचं!

जीव हलका झाला. मी गाडी सुरू केली. वळण मागे पडलं, धुकं विरलं, खाली किनारा दिसायला लागला, तेव्हा चिमणी डोळे चोळत उठली.

"आई, बाबा उतरले ना?"

"हो बाळा," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

चिमणी अंग चोरून दाराला चिकटली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"मग हे दुसरे काका... हे कुठे उतरणार?"