गाडीतलं ऑइल कुठं जात होतं

मी बारावी सायन्स शिकलेली बाई आहे. भुताखेतांचं मला लहानपणापासून काही वाटत नाही. पण हे आमच्या घरात घडलंय, आणि ज्यांच्यासमोर घडलं ते दोघंही आज हयात आहेत. तुम्ही मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

रात्रीचं नाही हे. सकाळी अकराचं आहे.

ऑगस्ट २००३. गाव आपटाळे, जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

आमच्या ह्यांची जुनी डिझेल जीप. घाटघर ते जुन्नर पाशिंजर भरायचे. अक्षदा, आमची मुलगी, तेव्हा महिन्याचीही नव्हती. मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आम्हा दोघींना न्हाऊमाखू घालायला ठमामावशी यायची. ह्यांची लांबची मावशी, घाटघरला एकटी राहायची. रोज ह्यांच्या पहिल्या खेपेला बसून खाली यायची, अकराला बाळाची आंघोळ, दुपारच्या खेपेला परत.

पाय लांब करून बाळाला त्यावर आडवं घ्यायची. टाळूवर कोमट तेल जिरवायची. तळपाय अंगठ्यांनी चोळायची. शेवटी पाठीवर तीन थापा, आणि चौथ्याला थाप नाही. नुसता हात फिरवायचा.

थप, थप, थप… आणि हात.

अक्षदा त्या चौथ्याला शांत व्हायची.

असे एकोणीस दिवस गेले.

गाडी तेव्हा खरोखरच बिघडलेली होती. पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल खायची. मागून निळा धूर. चालू ठेवून उभी केली की सगळी थरथरायची, आरसे हलायचे. एकोणिसाव्या दिवशी दुपारची खेप झाल्यावर जुन्नरच्या गेणभाऊ मिस्त्रींनी इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. नव्या टाकल्या, व्हॉल्व्हची सीलं बदलली, नोझल तपासून आणले. "उद्या नऊला गाडी न्या," म्हणाले.

विसाव्या दिवशी गाडी नऊला मिळाली नाही. चारला मिळाली.

ठमामावशी घाटघरच्या फाट्यावर सकाळी सातपासून उभी होती. धुकं, अंगात मुरणारा बारीक पाऊस. भगवंत नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची जीप तिच्यासमोरून तीनदा गेली. ती बसली नाही.

संध्याकाळी लोकांनी तिला उचलून घरी नेलं. ताप छातीत उतरला. चौथ्या दिवशी गेली.

मी ओली बाळंतीण, मला मातीला जाऊ दिलं नाही. मी रडलेही नाही. बाळाला पाजलं, लंगोट दोरीवर घातले. ते वाळतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी अंगणात चालू करून ठेवली होती. रिंगा नव्या, इंजिन अगदी मऊ चालत होतं. मी ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.

मग… इंजिन अडखळायला लागलं.

तीन ठोके. एक गाळलेला. तीन ठोके. एक गाळलेला.

मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दोन मिनिटं.

अक्षदा माझ्या मांडीवर एकदम सैल पडली. शांत.

पाच मिनिटांनी इंजिन आपलं आपण सरळ झालं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी गेणभाऊंनाच घरी आणलं.

"माझ्याकडं सुतासारखी चालती, आन् तुझ्या दारात आली की लाडात येती व्हय रं बहिरू?"

"मिस्त्री, चेष्टा नका करू. ऑइल बी कमी व्हतंय. परवा फुल भरलं, आज मापाच्या पट्टीवर निम्मं हाय."

"तूच पीत असशील राव. बघू तोंड."

अकरा वाजले. गेणभाऊंचं हसू गेलं.

त्यांनी चारही सिलेंडरची डिझेलची नळी एकेक करून सैल केली. साधी रीत आहे. ज्या सिलेंडरचं डिझेल तोडल्यावर इंजिनाला काही फरक पडत नाही, तो सिलेंडर मेलेला.

चारही जिवंत होते.

"चारी मारत्यात," ते म्हणाले. "मग गाळतंय कोन?"

इंजिनाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता. कोरडा. सायलेन्सरमागे पांढरं फडकं धरलं. धुराचा डाग नाही. रेडिएटरच्या पाण्यात बोट फिरवलं. तवंग नाही.

"ऑइल दोनच वाटांनी जातं. जळून, न्हाईतर गळून. तिसरी वाट न्हाई."

तेवढ्यात बाळ कुरकुरलं म्हणून मी तिचं टोपडं काढलं…

टाळू भरलेली होती.

काळं ऑइल. मधोमध, गोल, नीट जिरवलेलं. हात लावला तर कोमट.

मी पायमोजे काढले. दोन्ही तळपायांवर अंगठ्याचे काळे ठसे.

गेणभाऊंनी टाळूला बोट लावून वास घेतला. डिझेल गाडीत नवं ऑइल दोन दिवसांत जेवढं काळं पडतं, तेवढंच काळं होतं.

"आधी पोरीला धू, सूनबाई," एवढं बोलले. गाडी खोलायचे पाने गोळा केले आणि चालत जुन्नरच्या रस्त्याला लागले. चहालाही थांबले नाहीत.

मी बाळाला धुतलं. साबण तीनदा लावला. मला काहीच कसं होत नव्हतं, हेच मला कळत नव्हतं.

मग ह्यांना विचारलं. "मावशी भगवंतच्या गाडीत का नाही बसली?"

त्यांनी फडक्यानं हात पुसले.

"मीच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"भगवंत सकाळी गॅरेजवरनं वर चालला व्हता. त्याला म्हणलं, मावशी माझं पाशिंजर हाय, उचलायचं न्हाई. मी नऊला आलोच. तू तर बघती, आमचं डायव्हरांचं किती वाजतं पाशिंजरावरनं. एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसलं की ते त्याचंच हुतं. मावशीला बी निरोप धाडला. दुसऱ्याच्या गाडीत बसू नको, म्हणावं."

"आणि?"

"तिनं ऐकलं."

पुढं ते म्हणाले, गाडी विकून टाकू. मी म्हणाले, घेणाऱ्याच्या घरीही लेकरू असेल.

माझ्या बाळाच्या टाळूला कुणाचा तरी हात लागत होता, आणि ती टाळू अजून भरून आली नव्हती. बोटानं जरा जास्त दाबलं तर? मला एवढंच दिसत होतं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं, की त्या बाईला थांबायला सांगितलंय आणि घ्यायला कुणी गेलेलंच नाही.

सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. सासूबाई शेतात गेल्यावर आम्ही तिघं रिकामी गाडी घेऊन वर घाटघरला गेलो.

फाट्यावर धुकं. माणूस नाही, कुत्रं नाही. ह्यांनी गाडी चालूच ठेवली.

तीन ठोके… एक गाळलेला.

मीच मागं वळून म्हणाले, "मावशी, ये. गाडी आली."

काही झालं नाही.

मग… गाडी मागून थोडी दबली. म्हाताऱ्या माणसाच्या वजनाइतकीच.

इंजिन सरळ झालं.

आम्ही आपटाळ्याकडे उतरायला लागलो. बाळ माझ्या खांद्यावरून मागं बघत होतं. महिन्याचं लेकरू, त्याची नजर ठरत नाही. तिची ठरली होती.

त्या दिवसापासून ऑइल कमी झालं नाही. अकराच्या आधी मी न्हाणीत तिळाच्या तेलाची वाटी ठेवायचे, बाळाला पाटावर निजवून दाराशी बसायचे. आत बघायचे नाही. वाटी रिकामी व्हायची. बाळ मऊ, स्वच्छ, झोपलेलं असायचं.

सव्वा महिना झाल्यावर मावशीची रीतीनं बोळवण केली. साडीचोळी, नारळ, गाडीतून फाट्यापर्यंत. त्यानंतर घरात काही झालं नाही.

दीड वर्ष होत आलं. अक्षदा आता पळते. ती झोपलीये तेवढ्यात हे लिहितेय.

लिहायला आज बसले, त्याला कारण आहे.

मला पुन्हा दिवस गेलेत. महिनाही झाला नसेल. सासूबाईंना बोलले नाही. ह्यांनाही नाही. दवाखान्यातही अजून गेले नाही.

आज सकाळी स्वयंपाक उरकून अंमळ आडवी झाले होते. डोळा लागला असेल.

जागी झाले तर… पोटावर पदर नव्हता. बेंबीभोवती तेलाचा हात फिरलेला होता. कोमट.

अकरा वाजून गेले होते.

मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले. मग पदर ओढून घेतला.

पुसलं नाही.