निर्बीज जास्वंद

"हिला परागकण नाहीत, बी नाही. वाऱ्याने उडणार नाही, पाखरं नेणार नाहीत. आता तरी सही करा, मुकादमसाहेब!" डॉ. वासंती परुळेकर म्हणाल्या.

देवकांदळच्या संशोधन-वाटिकेतल्या काचघरात 'तरला' जातीची दोनशे झुडपं लालभडक फुलली होती. जास्वंदच ती, पण जनुक बदललेली. तिच्या पाकळ्यांत रक्त पातळ करणारं द्रव्य तयार होई. हृदयरोग्यांचं महागडं औषध झुडपावर पिकवायचं, हे वासंतीबाईंचं अकरा वर्षांचं वेड.

डॉ. इलियास मुकादम पुण्याहून जैवसुरक्षेच्या तपासणीला आले होते. माणूस भारी किरकिरा. सही करायची सोडून ते एका झुडपापाशी वाकले.

"या फांद्या कुणी कापल्यात? कोंबाच्या डोळ्याखाली, तिरक्या; लावायला कापतात तशा. जाणता हात आहे."

"दरवर्षी छाटणी होते. छाटलेलं जाळून टाकायचं, असा नियम आहे."

"जाळतं कोण?"

वाटिकेची देखभाल करणाऱ्या सुलू गावडेला बोलावलं. खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"जिवंत फांदी जाळायची, बाई? हात धजावला नाही. त्यात हे फूल तीन-तीन दिवस टिकतं. ज्याने त्याने मागितली, मी दिली. जास्वंद कधी कुणी बी पेरून लावलीय का?"

वासंतीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बी आणि परागांवर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. फांदीवर एक ओळ नव्हती. अहो, शेजारणीकडून फांदी मागून आणणाऱ्या मुलखात जन्म गेला, आणि नेमकं हेच विसरावं? शिकल्यासवरल्या माणसांचं हे असं होतं.

"फुलांचं करतात काय?" मुकादमांनी विचारलं.

"देवाला वाहतात. आणि सरबत करतात. लिंबू पिळलं की काय रंग येतो! दोन उन्हाळे सगळं गाव तेच पितंय."

तेवढ्यात वासंतीबाईंच्या जावयाचा, निरंजनचा फोन आला. "आई, मैथिलीला मुलगी झाली. बाळ छान आहे. पण मैथिलीचं रक्त थांबत नाहीये हो!"

वासंतीबाईंबरोबर मुकादम आणि सुलूही ग्रामीण रुग्णालयात धावले. मैथिली पांढरीफटक पडली होती. डोहाळ्यांत ती ते सरबत तांब्या-तांब्याने प्यायली होती.

"उतारा टोचलाय," बाईंनी फुलातल्या द्रव्याचं सांगितल्यावर सुई देऊन तिथली डॉक्टर म्हणाली, "पण तो लागू पडायला सहा तास लागतील. तिच्याकडे सहा तास नाहीत."

"म्हणजे तोवर गोठणारं रक्त बाहेरून द्यायला हवं," मुकादम म्हणाले. "रक्तपेढी?"

"जिल्ह्याला. गाडी यायला तीन तास. तेवढाही वेळ ती काढणार नाही."

मुकादमांचा रक्तगट जुळेना. सुलूने मात्र फोन फिरवले, आणि अर्ध्या तासात अंगणात पन्नास माणसं उभी राहिली. "बाईंच्या लेकीसाठी हवं तेवढं काढा!" म्हणत सगळी बाह्या सरसावून आली होती बिचारी. गट जुळणारे अकरा निघाले. वासंतीबाईंना रडू आवरेना.

मुकादमांनी तपासणीसाठी पुण्याहून आणलेलं गोठणमापक यंत्र टेबलावर ठेवलं. "बारा सेकंदांत गोठलं तर चालेल."

पहिल्याला एकेचाळीस लागले. दुसऱ्याला अडतीस. पाचव्यानंतर मुकादमांनी आकडे मोठ्याने सांगणं बंद केलं. अकरावा माणूसही बाही खाली ओढत उठला. देण्यासारखं रक्त कुणाकडेच नव्हतं, आणि आपण काय घोटघोट पीत होतो तेही आता सगळ्यांना कळलं होतं.

"माझा गट तोच आहे," वासंतीबाई एकदम म्हणाल्या. "आणि माझ्या दारात ती जास्वंद नाही. माझं घ्या!"

"बाई," सुलू दचकून म्हणाली, "दर रविवारी मैथिलीताईंच्या घरून तुम्हाला सरबताची बाटली यायची ना?"

बाईंनी ऐकूनही न ऐकल्यासारखं बोट पुढे केलं. मुकादमांनी थेंब यंत्रावर टाकला. दहा झाले, अकरा झाले, बारा झाले. आकडा थांबला नाही. आत परिचारिका आणखी कापूस मागत होती.