साक्षीत तेवढं नीट सांगा

बसा असे जवळ. तुम्ही पोरं आमच्या मंडळीतली नाही, म्हणून आधीच सांगतो, चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो. शांतवन आमच्याच मंडळीतला. शरणपूरला राहतो, अंबडच्या कारखान्यात जातो. त्याला विचारलंत तर तो काही बोलायचा नाही. मला हे त्याच्या बायकोनं, मार्थानं सांगितलं. शेवटचं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. शांतवनची बहीण देवळाली कॅम्पात बाळंत झाली होती, तिला डिंकाचे लाडू पोचवायचे होते. हा स्कुटी काढतोय तोवर मार्था म्हणाली, "उद्या मेळाव्यात साक्ष आहे तुमची. रात्र करू नका."

"अगं, मला काय होतंय? वचन आहे ना!"

वचन होतं, खरंच. शेजारची माणसं पडली तरी तुला धक्का लागणार नाही, असं देवाचं वचन. आणि जूनमध्ये लॅम रोडवर शांतवनला त्याचा पुरावाच मिळाला होता. मागून डंपर आला, याला चाटून गेला आणि शेजारच्या मोटरसायकलवाल्याला चिरडून गेला. हा थांबला नाही. घरी आला, गुडघे टेकले, देवाचे उपकार मानले. रविवारी उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्याला कसं राखलं ते चारचौघांत सांगितलं. लोक म्हणाले, आमेन.

तेवढ्यात एका म्हातारीनं विचारलं, "आन् त्या दुसऱ्याचं काय रं? त्याला देव नव्हता का?"

शांतवन खाली बसला. पण माणूस हुशार. पुढच्या साक्षीत त्यानं एक वाक्य घुसवलं, "तो प्यालेला होता." झालं! सगळं कसं चपखल बसलं. पडला तो दारुडा, वाचला तो विश्वासू. ऐकायला किती बरं वाटतं! कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो मोबाइलवरून जिल्हाभर फिरला. खरं म्हणाल तर शांतवननं त्या माणसाचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

तर त्या रात्री बहिणीकडून निघायला अकरा वाजले. हाडं गोठवणारी थंडी. लॅम रोडला झाडांखालून येताना स्कुटीचं मागचं चाक दबलं. मागे कुणी बसल्यावर दबतं तसं.

त्यानं आरशात पाहिलं. मागे नुसता रस्ता. कुणी नाही.

शांतवन वचन म्हणायला लागला. मोठ्यानं.

मागूनही कुणीतरी म्हणायला लागलं... तेच वचन. शब्दाला शब्द. एकही चुकला नाही.

शांतवन गप्प झाला. मागचा शेवटपर्यंत म्हणत राहिला. मग...

"भाऊ, मी भिकन. सटाण्याकडचा."

स्कुटी थांबेना. ब्रेक दाबला तरी थांबेना.

"मी पेलो नव्हतो, भाऊ. जल्मात नाय. लतानं, माझ्या बायकूनं, मला कपाळाला तेल लावलं, प्रार्थना केली, मंगच निघालो. हेच वचन म्हणत."

शांतवननं पुन्हा ब्रेक दाबला.

"मेलो त्याचं काय नाय. पण लता मंडळीत गेली की बाया सरकून बसत्यात. दारुड्याची बायकू म्हणत्यात. उद्या साक्षीत तेवढं नीट सांगा."

"सांगतो... सांगतो..."

त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. दमलेला माणूस डोकं टेकतो तसं. गार होतं... विहितगावचे दिवे आले, तेव्हा चाक हलकं झालं.

घरी येऊन त्यानं रडत रडत मार्थाला सगळं सांगितलं. अंगावरचे कपडे बाहेर फेकून दिले, अंघोळ केली.

सकाळी जिल्ह्याचा मेळावा. मंडपात शिरतानाच मार्थानं मला रात्रीचं सगळं सांगितलं. शांतवन माईकपुढे, त्याच्या मागच्या खुर्चीत मी. मंडप खच्चून भरलेला. शेवटच्या रांगेत मात्र एक बाई एकटीच बसलेली, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. ती कोण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. शांतवनलाही नाही, कारण तिच्याकडे बघूनच तो अडखळला.

डंपर आला. मोटरसायकलवाला पडला. आणि सांगता सांगता शांतवन थांबला.

माईकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मार्थानं पदर तोंडाला लावला. अख्खा मंडप वाट बघतोय...

"तो... प्यालेला होता."

"आमेन!" मंडप दणाणला. ती बाई उठली. कुणाकडे न बघता निघून गेली.

मला त्याची किळस आली, खोटं कशाला बोलू? मी मान फिरवणार, तेवढ्यात मला त्याची पाठ दिसली. दोन खांद्यांच्या मध्ये, पांढऱ्या शर्टावर, तेलाचा डाग. कपाळाएवढा. बघता बघता पसरत होता. मी बोट लावून पाहिलं. ओला होता...

आणि पोरांनो, त्या कोऱ्या शर्टाची घडी मार्थानं त्याच सकाळी मोडली होती.